उंदीरवाडे सरांचे प्राणी

“बाई, ज्या प्राण्यात नर नाई अन् मादी बी नाई, तो ‘आला’ म्हणू, ‘आली’ म्हणू, का ‘आलं’ म्हणू?”

चामोर्शीच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू होऊन चार दिवस झाले होते. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून एक उंच, थोडे वाकलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले गृहस्थ मला हे विचारत होते. मी म्हटलं, नपुंसकलिंग आहेच की, ‘ते आलं’ म्हणा. त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली.

“‘ते आलं’ म्हटलं का लेकरू आल्यावानी वाटते. हा बैलाएवढा आहे.”

नव्या माणसाची थट्टा चालली असेल म्हणून मी इतरांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. इतिहासाचे सर खाली मान घालून पेपर तपासत होते. मग मी खरंच विचार केला आणि म्हटलं, “आपण मोठ्या माणसाला ‘ते आले’ म्हणतो, तसं म्हणून पाहा.” त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे मानानं बोलायचं. हे बेस आहे.” आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

ते उंदीरवाडे सर. विषय जीवशास्त्र, आणि आडनाव असं, त्यामुळे मुलांना टोपणनाव शोधायचे कष्ट पडले नव्हते. फावल्या वेळात ते विज्ञानकथा लिहीत. त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं त्यांच्या प्रत्येक कथेचं शुद्धलेखन मी तपासलं. कागद पुढे सरकवताना ते म्हणत, “वेलांटी तुमची, प्राणी माया.” माया म्हणजे माझा. मी भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, क्वार्टर, भोंगा आणि सरळ रस्ते एवढंच मला ठाऊक. परग्रह सोडाच, धानाची बांधी, म्हणजे भाताचं बांध घातलेलं शेतसुद्धा मी नीट पाहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मला सरांमुळे कळल्या.

त्यांच्या कथांत अंतराळयानं नसत, युद्धं नसत. एखादा ग्रह असे, त्याचा सूर्य अंधुक असे, म्हणून तिथली झाडं काळी असत. मिळेल तेवढा सगळा उजेड पिऊन घ्यायचा तर हिरवं राहून परवडत नाही. दुसऱ्या एका ग्रहावर वजन इतकं भारी, की सगळे प्राणी बुटके, पुष्कळ पायांचे, आणि पडणं म्हणजे मरणंच, म्हणून त्यांच्या भाषेत ‘पडणे’ हा शब्द शिवीसारखा. कोणताही प्राणी कागदावर यायच्या आधी त्याला सरांच्या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. खाते काय, टाकते कुठी, मरते कायनं.

हे प्रश्न ते विद्यार्थ्यांनाही विचारत. कुणी मोठ्या डोक्याचा, पंखवाला परग्रहवासी काढून आणला की चित्र हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणत, “एवढं डोकं आहे तर याले भूक बम लागत असन. खाते काय हा?” पोरगं मान खाजवी. “अन् पंख उचलाले छातीत मास पाहिजे. छाती तर तू कुपोषित काढली.” पोरगं चित्र घेऊन जाई आणि दोन दिवसांनी रुंद छातीचा, बारक्या डोक्याचा प्राणी घेऊन येई. तेव्हा सर त्याला चहा पाजत.

ही सगळी विद्या त्यांनी पुस्तकांइतकीच बोडीवर मिळवली होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं छोटं तळं. कॉलेज सुटलं की ते तिथे पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, जाऊन बसत. पाणी आटल्यावर चिखलात तग धरून राहणारी मासळी, आठवडाभर तोंड मिटून बसणारी गोगलगाय, माणसाच्या पायाचा वास येताच ताठ होणारी जळू. “आपल्या बोडीत पाहा आधी, मंग आभाळात पाहा,” असं ते म्हणत. त्यांची आणखी एक ओळ होती, ती मात्र ते हसून म्हणत नसत: “फुकट काईच नाई, बाई. कोणत्याच शरीराले नाई.”

एकदा पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं. कथा आवडली, पण परग्रहवासी थोडा भयंकर करता येईल का, आणि तो नायकाशी बोलला तर वाचक गुंततील. सरांनी उत्तर लिहिलं ते मी तपासलं, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो. “आपली सूचना योग्य आहे. परंतु या प्राण्याच्या शौचाची सोय अद्याप मला सापडलेली नाही. ती सापडेपर्यंत त्याला बोलायला लावणे मला प्रशस्त वाटत नाही.” मी ‘प्रशस्त’ बदलून ‘बरे’ करा म्हटलं. ते म्हणाले, राहू द्या, पुण्याले चालला आहे कागद. कथा जशीच्या तशी छापून आली.

सरांचं गाव सावली. चामोर्शीत बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन ते राहत. शालूताई, त्यांच्या पत्नी, अंगणवाडी सेविका होत्या. कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. आणि मैत्री, एकुलती एक मुलगी. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि आठच वर्षांची दिसत होती. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. तिला सिकलसेल होता. गडचिरोली आणि शेजारचा, आमच्या या दोन जिल्ह्यांत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुमच्याकडे नसला तर शेजारी असतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि मग हाडं आतून दुखतात. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, जास्त धावलं, की दुखणं उठायचं.

मैत्री ही सरांची पहिली वाचक. मी वेलांट्या पाहायची, ती प्राणी पाहायची. माझ्या हातून चुका सुटत. तिच्या हातून एकही सुटत नसे.

त्या पहिल्या भेटीच्या दिवशी आठवडी बाजारातून सरांनी एक जिवंत खेकडा आणला होता. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या बशीत त्यांनी त्याच्या पायाचं टोक कापलं आणि थेंबभर पाणी बशीत पडलं. “पाह्य मैत्री, हे याचं रगत.” ते पाण्यासारखंच होतं. आम्ही तिघं बशीवर वाकून बसलो. थोड्या वेळाने त्यावर निळी झाक आली. “आपल्या रक्तात लोखंड असते, म्हणून लाल. याच्या रक्तात तांबं. हवा लागली का निळं.”

मैत्रीने विचारलं, “याच्या पेशी वाकत नाईत?”

“हवा वाहाले याच्यात पेशीच नाई. तांबं असंच रक्तात मोकळं तरंगते. वाकाले काई नाईच.”

तिने बशी स्वतःकडे ओढली. “मंग असे लोक बनवा ना, बाबा.”

सरांनी बनवले. निळ्या रक्ताच्या लोकांची ती कथा त्यांची सगळ्यात चांगली कथा, असं मला अजूनही वाटतं. पण त्यांनी हिशेब सोडला नाही. तांब्याचं रक्त आपल्यापेक्षा कमी हवा वाहतं, थंडीत बरं चालतं. म्हणून तो ग्रह थंड, आणि तिथले लोक चार पावलं चालले की बसतात. धावणं त्यांना माहीतच नाही. मैत्रीने कागद वाचले आणि म्हणाली, “थंड ग्रह? तिथी तर मी एक दिवस नाई टिकत. अन् हे लोक तर मायासारखेच बसून राह्यतात.” मग ती हसली. सर हसले नाहीत. मला म्हणाले, “बाई, मी तिच्यासाठी बनवाले गेलो, अन् फिरून तिथीच आलो.”

बारावीला दरवर्षी ते आनुवंशिकता शिकवत. फळ्यावर चार चौकोन काढायचे, उंच वाटाणा, बुटका वाटाणा. माझा वर्ग शेजारीच आणि मधली भिंत पातळ, त्यामुळे वाटाणे मलाही पाठ झाले होते. एका वर्षी एका मुलीने विचारलं, “सर, सिकलचं बी असंच असते का?” पलीकडे डस्टर फिरल्याचा आवाज आला.

“हा मी,” सर म्हणाले. “हे मैत्रीची आई. आमा दोघाइत या दोषाची एकेक मात्रा. आमाले काई होत नाई, म्हणून आमाले माईत बी नोतं. आता हे चार चौकोन पाहा. या चौथ्या चौकोनात मायी मैत्री आहे.”

खडूचा आवाज थांबला होता. ते पुढे सांगत राहिले. हा दोष उगाच आला नाही. आपल्या जंगलात हिवताप होता. एक मात्रा असली की हिवतापातून वाचवते, दोन झाल्या की जीव घेते. “आपले आजे-पणजे त्या एका मात्रेनं वाचले. त्याची किंमत आता मायी पोरगी देऊन राह्यली. तुमी लग्नाआधी रक्त तपासा. मी एम.एस्सी. होतो. परीक्षेत मले याच्यावरच प्रश्न आला होता अन् मी तो पूर्ण सोडवला होता. लग्न त्याच्यानंतर दोन वर्षांनी झालं.”

माझ्या वर्गातली मुलंही ऐकत होती. मी कविता पुढे शिकवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी शालूताई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. “आमच्या घरचं रगत त्याईनं फळ्यावर लिहिलं,” म्हणाल्या. “अंगणवाडीत बाया मले विचारून राह्यल्या. माया पोरीले उद्या सून कोण करन, बाई? त्याईले सांगा.” त्यानंतर दोन महिने नवरा-बायको एकमेकांशी मैत्रीतर्फेच बोलत होते. ती निरोप पोचवायची आणि वाटेत थोडे गोडही करायची. मी तिला एकदा विचारलं, तुला राग आला का. ती म्हणाली, “बाबानं बरोबर केलं. पण मले आधी विचाराले पाह्यजे होतं. चौकोन माया होता.”

हे तिने सरांनाही सांगितलं होतं. त्यावर ते तिची माफी मागून बोडीवर जाऊन बसले होते, आणि अंधार पडायच्या आत तीच त्यांना बोलवायला गेली होती.

मैत्री सतरा वर्षांची झाली त्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. जानेवारीत तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी रविवारी डबा घेऊन गेले. ती दोन ब्लँकेटांत होती, हाताला सलाईन, आणि दुखणं कमरेच्या हाडात. बोलताना मध्येच थांबायची, ओठ मिटायची, मग तिथूनच पुढे सुरू व्हायची. आम्हाला ते थांबणं दिसू नये अशी तिची धडपड असे.

“बाबा, तुमच्या सगळ्या प्राण्याइले काई ना काई दुखतेच,” ती म्हणाली. “एखादा असा बनवा ना, ज्याले दुखतच नाई.”

मला वाटलं, सर हो म्हणतील. सर म्हणाले, “ज्याले दुखत नाई तो टिकत नाई, बेटा. काटा रुतला, पाय मोडला, हे त्याले समजन कसं?”

“ते मले माईत आहे. पेपरात आलं तर लिहीन. मले कथेत पाह्यजे.”

सर उठून व्हरांड्यात गेले. मी मागे गेले तर ते भिंतीला हात लावून उभे होते. “बाई, मी हो म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं?” मी म्हटलं, अजूनही म्हणता येईल. ते म्हणाले, “आता तिले समजन का मी खोटं बोलून राह्यलो. तिले लगेच समजते.”

पण त्यांनी लिहायला घेतलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, मांडीवर वही ठेवून, आठवडाभर. शनिवारी मी गेले तेव्हा कागद माझ्या हातात दिले. शुद्धलेखनाच्या चुका नेहमीपेक्षा दुप्पट होत्या.

प्राणी असा होता. उथळ, कोमट समुद्रात चाळीस-पन्नास जीव एकाच मुळावर वाढलेले, हळदीच्या गड्ड्यासारखे, आणि सगळ्यांच्या नसा त्या मुळातून एकमेकांत गेलेल्या. एकाला जखम झाली की दुखणं सगळ्यांत वाटलं जाई. प्रत्येकाला येई ते थोडंसं, खाज सुटावी तेवढं. दुखणं होतं, पण ते कुण्या एकाचं नव्हतं. किंमतही होती. त्या मुळापासून कुणालाच कधी सुटून जाता येत नसे. मी ते वाचलं आणि वेलांट्या न पाहताच कागद परत दिले.

मैत्रीने ते दुपारी वाचले. दोनदा वाचले. शालूताई तिचे पाय चोळत होत्या, त्यांनाही तिने थोडं वाचून दाखवलं. मग म्हणाली, “बहुत चांगलं आहे, बाबा. पण याच्यात एक भोक आहे.”

“कोणतं?”

“सगळ्याइले सारखंच खाजवते. मंग ज्याले लागलं त्याले समजन कसं का आपल्यालेच लागलं? तो तर तशीच जखम घेऊन राहीन. त्यालेच कोणी पाहणार नाई.”

त्या आठवड्यात पहिल्यांदा सरांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. “बरोबर आहे,” म्हणाले. “विचार करतो.”

सोमवारी तिच्या छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी नागपूरला हलवायला सांगितलं. ब्रह्मपुरीच्या पुढे, नागभीड यायच्या आत, भर दुपारी, रुग्णवाहिकेतच ती गेली. शालूताईंच्या मांडीवर डोकं होतं. सर समोरच्या फळीवर बसले होते. पुढे एकदाच त्यांनी मला त्याबद्दल सांगितलं, तेही एवढंच: “तिनं विचारलं, नागभीड आलं का. मी म्हणलं, येते आता.”

दहाव्या दिवशी सर कॉलेजात आले आणि बारावीला उत्सर्जनसंस्था शिकवली. पलीकडून मला ऐकू येत होतं. एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

चार-पाच महिने गेल्यावर मी ती शेवटची कथा मासिकाला पाठवू या म्हटलं. त्यांनी मान हलवली. “त्याच्यात भोक आहे.”

“वाचणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही, सर.”

“जिच्या लक्षात आलं, तिच्यासाठीच लिहिली होती.”

संपादकांचं दिवाळी अंकासाठी पत्र आलं, त्याला त्यांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं: सध्या प्राणी सुचत नाहीत. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. मुलं अजूनही चित्रं आणत. सर हातात घेऊन पाहत आणि म्हणत, “छान आहे.” खाते काय, टाकते कुठी, काही विचारत नसत. पोरं खूश होऊन जात. त्यांना काय कमी झालं ते कळत नव्हतं.

नंतर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि दोघं सावलीला गेले. माझीही बदली भद्रावतीला झाली. फोन दिवाळीपुरते उरले. गेल्या पावसाळ्यात सर वारले. शालूताईंनीच फोन करून सांगितलं, दोन वाक्यांत. पण त्यांची माझी शेवटची भेट त्याच्या दोन वर्षं आधीची, एप्रिलमधली. परीक्षेच्या कामाने सावलीला गेले होते, दुपारी काम संपलं म्हणून त्यांच्या घरी गेले.

घर सरांच्या भावाच्या शेताला लागून होतं. सर बारीक झाले होते. धानाच्या नव्या वाणाबद्दल बोलले, वाघाच्या भीतीने बाया मोहफुलं वेचायला जात नाहीत त्याबद्दल बोलले. ते हात धुवायला मागे गेले तेव्हा शालूताई हळूच म्हणाल्या, “त्याईले लिहा म्हणा, बाई. मी म्हणते तर ऐकत नाई. दिवसदिवस बोलत नाई. घर इतकं चूप राह्यते का मले भाताची कढ येते ते बी खोलीतून ऐकू येते.”

सर मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. मी तिथे विषय काढला. ते थोडं चालले, मग म्हणाले, “लिहून पाह्यलं, बाई. ग्रह बनते. हवा बनते, पाणी बनते, झाडं बी बनतात. प्राण्यावर आलं का हात थांबते. जन्माले घातला का त्याले दुखणारच. मंग वाटते, कशाले घालाचा? राहू द्या ग्रह तसाच रिकामा.”

बस आली. कंडक्टरने घाई केली. मी चढून खिडकीशी बसले, तर सर रस्त्याच्या कडेला तसेच उभे होते, डोक्यावर काही नाही, बसकडेही लक्ष नाही. ऊन अंगावर ओतल्यासारखं पडत होतं. बस हलली तेव्हा घराकडून शालूताई येताना दिसल्या. त्यांच्या हातात काळी छत्री होती. त्या सरांशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता छत्री त्यांच्यावर धरली. सरांनी दांडा वरून धरला आणि शालूताईंच्या बाजूला थोडा कलता केला. छत्री लहान होती. बस वळेपर्यंत मला दिसत होतं, दोघांचाही एकेक खांदा उन्हातच राहिला होता.